सत्तावन्न नंबरचा दुसरा

उंची सहा फूट, वर अर्धा इंच. तो अर्धा मी उदारपणे धरलाय.
वजन दोनशे अठ्ठावीस पौंड, दोन बाटल्या पाणी पिऊन.
हात आखूड.
चाळीस यार्डांना चार पूर्णांक एक्क्याऐंशी सेकंद.
लाइनबॅकरचं एवढ्यावर भागत नाही.

एप्रिलात सात फेऱ्या झाल्या,
अडीचशेवर नावं पुकारली गेली,
त्यांत कीथन टोलिव्हर नव्हता.
शेवटच्या नावानंतर वीस मिनिटांनी मीच फोन केला.
म्हणाला, "थांबा सर, आईला उठवतो."

आई मिसिसिपीत, मासे कापायच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
सहीचे सात हजार डॉलर हातात पडले
त्यांतून तिच्या गाडीचा गिअरबॉक्स बदलला
आणि स्वतःसाठी घेतली एक चांगली उशी.
अहवालात उशीला रकाना नाही.

आता ओहायोतला ऑगस्ट.
नव्वद माणसं, त्रेपन्न खुर्च्या,
आणि सत्तावन्न नंबर दोघांच्या पाठीवर.
पहिला सेंटर, नऊ वर्षं इथलाच, लॉकरवर पितळी पाटी.
दुसऱ्याच्या लॉकरवर चिकटपट्टी, मार्करनं लिहिलेलं नाव,
त्यात एक एल जास्त.
"दुरुस्त करून घे की," मी म्हटलं.
"टिकलो तर सांगेन."

बावीस वर्षं मी माणसं मोजतोय.
गुडघे, घोटे, मनगटांचा घेर,
कोण पडल्यावर आधी कुठे बघतो.
पण हा बघतो समोरच्या गार्डची बोटं.
बोटांची पेरं पांढरी पडली, म्हणजे भार पुढे, म्हणजे धाव.
पेरं गुलाबी, म्हणजे पास.
बाकीचे दहा जण चेंडू हलायची वाट बघतात तोवर
हा निघालेलासुद्धा असतो.

आणि तरी उशिरा पोचतो.

काल रात्री मोटेलात तेच चित्रण एकोणीस वेळा पाहिलं.
तिसरा सराव सामना, शेवटची पंधरा मिनिटं,
अर्धं स्टेडियम पार्किंगकडे निघालेलं.
त्याला अर्धा क्षण आधी कळतं,
पाय अर्धं पाऊल मागे राहतात,
बेरीज केली तर
बरोबर वेळेवर.
पण ही बेरीज दुसऱ्या फळीतल्या पोरांपुढे.
सप्टेंबरात समोर येतील ते
अर्धा क्षण कुणाला उधारसुद्धा देत नाहीत.

लेनर्ट, लाइनबॅकरांचा कोच, खडू आपटत म्हणाला,
"डोकं धावत नाही रे, पाय धावतात."
त्याच्या पदरात तिसऱ्या फेरीतला पोरगा आहे,
चार पूर्णांक पन्नासचा, कराराला शून्यं भरपूर.
तो चुकला तर 'शिकतोय'.
टोलिव्हर चुकला तर चुकला.

"शंभरात किती?" वरून विचारणा.
बारा लिहिलं. खोडलं. नऊ लिहिलं.
मग किकऑफची फीत लावली,
जिथे कुणालाच नाव नसतं,
साठ यार्ड जीव खाऊन पळायचं आणि कुणावर तरी आदळायचं.
डावीकडून तिसरा, दोनदा पहिला पोचलेला.
बारा परत लिहिलं.

दुपारी जेवणाच्या रांगेत त्यानं मला गाठलं.
मला वाटलं, आता विचारणार.
मनात उत्तर जुळवून ठेवलं होतं, गुळमुळीत,
आजवर शेकडोंना दिलेलं.
पण त्याचं भलतंच.
"सर, त्या हॅरेल्सनचा खांदा कसा आहे?"
हॅरेल्सन किकऑफला उजवीकडून दुसरा.
"का रे?"
"नाही, उजवी बाजूपण पाठ करून ठेवलीय."
ताटात उकडलेलं चिकन, ब्रोकोली,
आणि केकचा तुकडा, रुमालात गुंडाळलेला, नंतरसाठी.

मंगळवारी चारपर्यंत यादी.
पहाटेपासून एक माणूस लॉकर-लॉकर फिरेल,
खांद्यावर हात ठेवेल, हळू आवाजात म्हणेल,
टॅबलेट घेऊन ये.

आज सगळे मैदानात असताना मी आत गेलो होतो.
त्याच्या चिकटपट्टीचा एक कोपरा सुटलेला,
जास्तीच्या एलच्या बाजूचा.
अंगठ्यानं दाबून पाहिला.
बसला.
किती वेळ, ते या दमट हवेवर.