कांद्याच्या चावीचं घड्याळ

बर्डीवर, बोरीकरांच्या दुकानात
तिसरं घड्याळ मनगटावर.
काळी तबकडी, बाराच्या जागी त्रिकोण,
चावी चांगली कांद्यासारखी फुगलेली.
"हातमोजे घालूनही फिरवता यावी म्हणून," ते सांगतात.
मे महिना. कूलरमधलं पाणी संपलंय.
हातमोजे!

"विमान चालवता काय जी?"
नाही. सोनेगावला रात्रपाळीत
वरून जाणाऱ्यांशी बोलते फक्त.
ते म्हणतात, नागपूर.
मी उंची सांगते.
मग दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात निघून जातात.

तळहाताचा आडोसा करून
अंधारात काटे बघते:
हिरवे, माझ्या पडद्यावरच्या ठिपक्यांसारखे.
हे मात्र फिरून येतात.

"पट्टा सैल होतो जी तुम्हाले. भोक पाडू एक?"

पाडा.