काहिलीची जागा

इलाही मुजावर पुढे स्प्लेंडरवर,
मागे मी, सोळा वर्षांची सँट्रो घेऊन.
बोळ आला की तो हात वर करतो,
"थांबा मॅडम, आरसे मिटून घ्या."
आरसे मिटून मी निम्मं कोल्हापूर पाहिलं.

नांदेडहून बदली. सामान थोडकं,
एक कपाट, शिलाई मशीन, दोन गाद्या.
वाटणीत घर त्याला गेलं, ही मला.
वकिलाने कागदावर लिहिलं होतं,
चारचाकी वाहन, चालू स्थितीत.
माझ्याबद्दल तसं कुणी लिहिलं नाही.

मंगळवार पेठेत मालकीणबाई म्हणाल्या,
"पार्किंग हाय की.
सकाळी सातपतोर म्हस असती तितं,
धार काढून झाली की जागा तुमचीच."
म्हशीने माझ्याकडे बघून रवंथ थांबवला.
तिचा करार अकरा महिन्यांचा नव्हता.

शाहूपुरीत फ्लॅट छान,
पूर्वेचा उजेड, ओट्याला काळा कडप्पा.
खाली पार्किंगच्या खांबावर
ऑइलपेंटच्या दोन रेघा, माझ्या डोक्याच्या वर,
शेजारी एकोणीस, एकवीस,
घरातल्या पोराची उंची मोजत आल्यासारख्या.
मालक म्हणाले, "नदी काय रोज येत नाही."
मग जरा हळू,
"जुलैत तेवढी गाडी वरच्या अंगाला लावायची कुणाकडं तरी."
"माझ्या मेव्हण्याकडं लावू," मुजावर म्हणाला.
त्याचे मेव्हणे सगळ्या उंच भागांत होते.

ताराबाई पार्कात प्रश्न वेगळे.
घरात माणसं किती?
मी.
गाडी कुणाची?
माझी.
चालवतं कोण?
किल्ली माझ्याच बोटात होती.
त्यांनी किल्लीकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं,
आणि कुणीतरी पुरुष अजून वर येईल म्हणून
चहा पाच मिनिटं थांबवून ठेवला.

लॉजच्या वॉचमनला रोजचे वीस रुपये.
रात्री दोनला उठायचं, पडदा सारायचा.
आहे.
परत झोपायचं.

अकराव्या दिवशी कळंब्याच्या पुढे
मगदूम आप्पांचं घर. वरच्या दोन खोल्या,
गॅलरीतून ऊस, उसामागे कात्यायनीचा डोंगर.
खाली शेडमध्ये मात्र
गुऱ्हाळाची काहील, उपडी घातलेली,
गाडीहून रुंद.
आप्पा तिच्यावर तळहात ठेवून उभे,
जसं बैलाच्या पाठीवर ठेवावा.
"गुऱ्हाळ बंद हून नऊ वर्सं झाली.
भंगारवाला तीनदा येऊन गेला."
"काय देतोय?" मुजावरने विचारलं.
आप्पांनी आकडा सांगितला नाही.

मी म्हटलं, राहू दे, मी बाहेर लावीन.
आप्पा सँट्रोभोवती एक फेरी मारून आले,
बॉनेटवर टिचकी वाजवली.
"हिला बी कोन मागायला आलंवतं न्हवं?"
दोनदा, मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चार गडी, दोन पहारी,
बोटं सांभाळ रं, तिरकी घे, तिरकी.
काहील चिंचेखाली गेली, उताणी झाली,
आणि संध्याकाळपर्यंत आक्कांनी
तिच्यात रेडकासाठी पाणी भरलंसुद्धा.

अनामत तीस हजार. भाडं सात.
पार्किंगचे वेगळे नाहीत.
करारावर खाली आप्पांनी
आपल्या वळणदार अक्षरात एक ओळ वाढवली,
काहिलीची जागा भाडेकरूस.

फरशीवर गोल डाग उरलाय,
मध्ये तांबूस, कडेला काळा.
गाडी त्यात नेमकी बसत नाही,
मागचं एक चाक बाहेरच राहतं.
दुपारी शेड तापलं की गुळाचा वास येतो
किंवा मला तसं वाटतं.

पहिल्या रात्री, दिवा मालवल्यावर,
मी पुन्हा खाली उतरले
आणि दोन्ही आरसे उघडून ठेवले.