शेरा

देवलापारच्या पुढे, डांबरी रस्ता सोडल्यावर,
कूप क्रमांक चौदा.
साग पंचेचाळीस वर्षांचा,
हजेरीला उभा केल्यासारखा ओळीत.
मधे मधे ऐन, बेहडा, एखादा मोह,
आमच्या भाषेत 'संकीर्ण'.

मी नागपुराहून आलो होतो, सिव्हिल लाइन्सच्या कचेरीतून.
जीपमध्ये नोंदवही, गेरूचा डबा
आणि लोखंडी घण, ज्याच्या तोंडावर उलटं अक्षर.
साल तासायची, घण मारायचा,
अक्षर सुलटं उमटतं.
मग झाड उभं असलं तरी
हिशेबात आडवं.

दुपारपर्यंत चारशे सोळा झाली.
चारशे सतरावा बेहडा, कंबरेत वाकडा.
रायवंती उईके, वनरक्षक,
घणाच्या आणि खोडाच्या मधे येऊन उभी राहिली.
अडवलं नाही. नुसती वर बघत राहिली
इतका वेळ, की मलाही मान वर करावी लागली.

शेंड्याच्या दुबेळक्यात पानांचा भारा,
कुणी डोक्यावरून उतरवून ठेवावा तसा.
"घर हाय जी. शेकरूचं.
तिकडचं ऐनावरलं बी त्याचंच, अन् नाल्यावरलं बी.
एका घरात नाही झोपत ते. हिशोबी हाय."
मला फक्त एक शेपूट दिसली,
चिंचोक्याच्या रंगाची,
आणि तीही दिसली म्हणेपर्यंत फांदी झाली.

मग ती सावल्यांवरून चालू लागली.
एका झाडाची सावली संपते तिथून
दुसरीची सुरू होते तिथवर,
हाताने, कोपरापासून बोटापर्यंत, वाकून मोजत.
"बारा हात. इथवर मारते उडी.
तेरावा हात त्याच्यापाशी नाही."
"खाली नाही उतरत?"
"उतरते ना जी," ती म्हणाली. "एकदाच."

मी कार्य आयोजना उघडली.
विरळणीचं अंतर होतं. घेराची मापं होती.
माहूलवेलींसाठी एक ओळ होती: तोडाव्यात.
बारा हातांना रकाना नव्हता.

नोंदवहीत शेवटचा रकाना शेरा.
तीस वर्षं मी तिथे लिहीत आलो,
वाळवी. पोकळ. वीज पडलेले. निरंक.
त्या दिवशी वाकड्या बेहड्यासमोर लिहिलं:
बीजवृक्ष, राखीव.
मग ऐनासमोर. मग पुढच्या मोहासमोर.
नाल्यापर्यंत अकरा झाडं,
एकाची फांदी दुसऱ्याला पोचेल अशी,
वेलींसकट.
त्यातल्या चारांवर सकाळीच घण बसला होता.
रायवंतीने ओली माती घेतली
आणि चुलीला पोतेरं द्यावं तशी
चारही अक्षरं सारवली.
मी तोवर पाठ फिरवून
पेनात शाई आहे का ते बघत होतो.

पौषात कूप निघालं.
ट्रक गेले, बैल गेले, भुसा राहिला.
आभाळ एकदम नको इतकं झालं.
त्यातून ती अकरा झाडं तिरकी जातात,
उसवायचा राहून गेलेल्या
धावदोऱ्यासारखी.

आता ऑडिटचा कागद आला आहे.
'अ. क्र. ४१७. खोड वक्र.
बीजवृक्ष कोणत्या निकषावर ठरविला?
सात दिवसांत खुलासा करावा.'
आज सहावा.

काल रायवंतीला फोन लावला.
टेकडीवर चढून बोलत होती, आवाज तुटत होता.
"आठ दिस झाले, दिसलं नाही साहेब.
पण बेहड्याखाली फळं पडून हायेत,
अर्धे खाल्लेले. ताजे."
एवढ्यावर रेंज गेली.

खिडकीतल्या बंद कूलरची खस
एक साधी, तीन पट्ट्यांची खार
काडी काडी ओढून नेते आहे.
डोमाजी शिपाई बघतो, हाकलत नाही.
उन्हाळ्यात नवी खस लागेल, म्हणतो,
आणि मागणीपत्रावर कारण काय लिहू, विचारतो.

मी कोऱ्या कागदावर 'महोदय' लिहून
थांबलो आहे.