बारा

नारिनच्या बसअड्ड्यामागे माझं दुकान,
म्हणजे एक मालवाहू कंटेनर, वरून निळा रंग फासलेला.
आत थर्मास, मीटर, तांब्याच्या तारेची वेटोळी.
दारावर खडूनं लिहिलंय: उधारी फक्त मेलेल्यांना.

ऑक्टोबर सरता सरता मेलिस आला.
म्हणाला, बुरुल-एजे, बॅटरी दे. नवी.
वर्षातली तिसरी.

मी विचारलं, गाडी जागेवर उभी असली की
दिवे मलूल होतात का रे?
आणि पेडल दाबलं की पुन्हा तरारतात?
म्हणाला, म्हातारी गाडी आहे, लहर असते तिची.

सकाळी पट्टा किंचाळतो?
किंचाळतो. दहा मिनिटांनी गप्प बसतो.
माझी सासूही तशीच होती.

वायपर लावले की रेडिओ?
गुदमरतो. पण गाणी कुठे धड असतात आजकाल.

काच?
वर येते. चहा पिऊन होईपर्यंत येते.

जळक्या रबराचा वास?
तेवढ्यात मागच्या सीटवरची बाई म्हणाली, येतो.
मेलिस म्हणाला, तो तिच्या मेंढीचा.

मी डोकं आत घातलं. डॅशबोर्डवर
काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा,
आणि त्याच्या कडेनं झिरपणारा लाल उजेड.
हे काय?
हेच तर, तो म्हणाला, चित्र बघ ना,
बॅटरीचंच चित्र आहे.
म्हणून तर बॅटरी बदलतोय.

जखम मांडीला, मलम शेंडीला.
इंजिन चालू ठेवून मी मीटर लावलं.
चौदा दिसायला हवेत.
बारा.
दिवे लावले, हीटर लावला,
अकरा पूर्णांक आठ, सात, सहा.
बारा तर कधीच वाजून गेले होते.

अल्टरनेटर उतरवावा लागेल, मी म्हटलं, उद्यापर्यंत थांब.
चौदा प्रवासी आहेत, तो म्हणाला, आणि एक मेंढी.

मी विकली बॅटरी.
कंटेनरचं भाडं दोन महिने थकलं होतं.

*

डोलोनच्या चढावर आधी रेडिओ गेला.
मग हीटर नुसता कुजबुजू लागला.
मग काट्यांनी एकेक करून मान टाकली,
आणि दिवे पिवळे, तपकिरी,
विझत्या शेणीच्या रंगाचे झाले
आणि गेले.

इंजिन मात्र चालूच होतं.
जुनं डिझेल ते, एकदा पेटलं की त्याला वीज लागत नाही,
लागते फक्त माणसांना, रस्ता दिसायला.
मेलिस म्हणतो, बंद पडलं असतं तर बरं होतं,
निदान थांबलो असतो.
बंद केलं तर पुन्हा सुरू होणार नाही
म्हणून काळोखात तो चालवतच राहिला, बर्फावरून,
आणि एल्दियार नावाचा नववीतला पोरगा
खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत
फोनच्या टॉर्चनं रस्त्याची कड दाखवत होता.
बाकीचे मोठ्यानं सांगत होते, डावीकडे, डावीकडे.
मेंढी तेवढी शांत होती.

कोचकोरला पोचले तेव्हा पोराच्या फोनमध्ये
चार टक्के उरले होते.
बोटं त्याला दुसऱ्या दिवशी हलवता आली.

*

अल्टरनेटर मी उघडला तेव्हा मेलिस शेजारीच उभा.
ब्रश झिजून झिजून तांदळाएवढे.
हे? तो म्हणाला. एवढंसं?
एवढंसंच.
तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिला,
मग कागदात गुंडाळून खिशात टाकले. का, ते विचारलं नाही.
चिकटपट्टी त्यानं स्वतःच सोलली.
खाली दिवा विझलेला होता,
तरी तो दोनदा वाकून बघून आला.

पोराचे हातमोजे आणायला त्यानं पैसे दिले
मी घेतले नाहीत.

कंटेनरमागे त्याच्या जुन्या तीन बॅटऱ्या पडून होत्या,
भंगारच्या भावात घेतलेल्या.
त्या रात्री चार्जरला लावल्या.
एक जरा म्हातारी. दोघी धडधाकट.
सकाळी मीटर टेकवलं तर
जणू काही झालंच नव्हतं.

हे मी मेलिसला अजून सांगितलेलं नाही.