कर्मणी प्रयोग

शनिवारी साडेपाचला समाजमंदिराच्या माळ्यावर
मी कॉलेजच्या पोरांना निबंध शिकवते.
फी नाही; पेन ज्याने त्याने आणायचं.
खाली कॅरम फुटतो, वर मी म्हणते,
"आजच्या धकाधकीच्या युगात" खोडा.
भाविका वैती खोडते, आणि तिच्याकडे
मग काहीच उरत नाही.
तन्वीर मुकादम "काळाची गरज" सोडायला तयार नाही,
बारावीला त्यावर मार्क मिळालेत, म्हणतो.
अरे, काळाला कसली गरज? तुला कसली आहे ते लिही.
"एका पंख्याची, मॅडम. इथे."

एवढंच येतं मला:
भेंडी घेताना टोक मोडून बघतात
तसं वाक्य मोडून बघायचं,
काडकन मोडलं तर ठेवायचं.
आणि विचारायचं, यात करणारा कोण?

हे मी कुठे शिकले, ते कोणी विचारलं नाही.
घाटकोपरच्या वॉर्ड ऑफिसात, पत्रव्यवहार शाखेत, एकतीस वर्षं.
"उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने आपणांस कळविण्यात येते की"
हे मी झोपेतही बिनचूक लिहीन.
कच्च्या मसुद्यात "आम्ही नळ तोडू" असायचं,
मी "जोडणी खंडित करण्यात येईल" करायची.
साहेब म्हणायचे, ठोसरबाई,
तुमची भाषा म्हणजे इस्त्रीचा कपडा.
घरी येऊन मी ते नवऱ्याला सांगितलंही होतं.

तथागत कासारे मागच्या बाकावर बसतो.
एस. वाय. ला आहे, रात्री औषधांच्या गोदामात पेट्या मोजतो.
स्पर्धेचा विषय "माझे घर", शब्दमर्यादा पाचशे.
पहिलं पान चांगलं होतं त्याचं:
पाण्याच्या मोठ्या पाइपाला पाठ लावली
की मे महिन्यातही गार वाटायचं,
आजी पाइपाला कान लावून सांगायची,
गेलं बघ, दादरवाल्यांचं पाणी गेलं.
मी समासात बरोबरची खूण केली. सहसा करत नाही.

दुसऱ्या पानावर
"दिनांक अकरा रोजी सदर बांधकामे निष्कासित करण्यात आली."
लाल पेनाने गोल केला. बाजूला लिहिलं: कोणी?

तो उठून जवळ आला.
"ते माझं नाही, मॅडम. नोटिशीतून उतरवलंय,
'येतील'चं 'आली' तेवढं केलं.
आधी लिहिलेलं, जेसीबीने पाडलं.
पण जेसीबी काय आपणहून येतो?
मग लिहिलं, ड्रायव्हरने.
तर तो आदल्या दिवशी आमच्याच गल्लीत जेवलेला,
आईने त्याला ठेचा वाढला होता.
म्हणून हेच ठेवलं.
बरं वाटतं ना वाचायला?"

प्लास्टिकच्या फाइलीतून नोटीस काढली त्याने.
घडीवर झिजलेली. जावक क्रमांक, शिक्का,
सही साहेबांची,
आणि "कळविण्यात येते की"च्या पुढे स्वल्पविराम,
जो अख्ख्या ऑफिसात एकटी मी द्यायची,
टायपिस्टशी भांडून.

खाली कोणीतरी राणी घेतली. ओरडा झाला.
मी पेनाला टोपण लावलं. काढलं.

"कासारे, हे वाक्य मी लिहिलंय."
"नाही मॅडम," मला समजावत म्हणाला,
"नोटिशीतलंच आहे, हे बघा ना."
"हो. तेच."

भाविकाने मान वर केली.
तो कागदाकडे पाहत राहिला, मग माझ्या हाताकडे,
मग ओठ हलवत वहीत काहीतरी मोजलं.
"आठ शब्द जास्त होतायत," म्हणाला.
"हे वाक्य काढलं तर बसतं बरोबर."
"काढू नकोस."
"मग?"

मी लाल पेन त्याच्याकडे सरकवलं.
समासात, "कोणी?"च्या खाली,
बोटभर जागा होती.