क्रमांक एकेचाळीस

सकाळपासून कॉफी घेतलेली नाही.
आजची थुंकी तिच्यासाठी.

काडीला कापूस गुंडाळते,
जिभेवर ओला करते
आणि डाव्या गालावरची मसुराएवढी जागा पुसते.
मग शेजारचा मसूर.
बोळा काळा. टाकला. नवा.
कपाटात बाटल्या आहेत, लेबलं लावलेल्या, महागड्या,
पण या काजळीला तोंडातलंच पाणी कळतं.
आईसुद्धा चर्चच्या पायरीवर
रुमालाचं टोक ओलं करून माझी हनुवटी घासायची
आणि मी मान वळवायचे.
ही वळवत नाही.
अठराशे वर्षं ज्यानं जशी ठेवली तशी राहिली.

तिव्होलीच्या रस्त्याला, चामड्याच्या बंद कारखान्यात
आमची कार्यशाळा. खाणीचे ट्रक गेले
की फळीवरची सुटी बोटं किणकिणतात.
वहीत तिला नाव नाही, क्रमांक आहे.
कुणाची तरी बायको असणार;
केसांच्या वळ्या बघून ओर्तेन्सिया म्हणते, पैसेवाल्याची.
पुढे कुठल्याशा कार्डिनलच्या बागेसाठी
तिची फळांची देवी केली.
मुठीत सफरचंद दिलं,
तुटक्या जागी नाक बसवलं:
कराराच्या दगडाचं, कोरं, सरळसोट.
नाकापेक्षा मोती जड, असं म्हणतात.
इथं चेहऱ्यापेक्षा नाकच.

आत लोखंडी खिळा.
गंजतोय, फुगतोय,
ओठापर्यंत केसासारखी चीर उतरलीय.
समितीची तीन पत्रं आली.
पहिलं: नाक काढा.
दुसरं: नाकही आता इतिहासच आहे.
तिसऱ्याखाली सही स्पष्ट होती,
मजकूर कुणालाच लागला नाही.

बुधवारी काढलं.
नेव्हियोनं दिवा धरला,
मी गरम हवेची नळी, हळूहळू, आधी हा कोपरा, मग तो.
राळेचा वास सुटला, देवदाराचा,
चारशे वर्षांपूर्वी तोडलेल्या कुठल्यातरी झाडाचा.
आणि मग दुधाचा दात निघतो
तेवढाच आवाज.

आता तिला नाक नाही आणि ती
पहिल्यांदाच कुणीतरी वाटते.
थकलेली. थोडी चिडकी.
भुवईखाली, कॅमेऱ्यालाच दिसेल असा
निळ्याचा एक कण शिल्लक.

खड्ड्यात मात्र, घट्ट झालेल्या राळेत,
अंगठ्याचा ठसा.
लहान. बारा-तेरा वर्षांच्या पोराचा.
उस्तादानं सांगितलं असेल, दाबून धर, सोडलंस तर बघ,
आणि तो धरून उभा राहिला,
कढत राळ कातडीला लागत असताना,
उस्ताद जेवायला गेला तरी.
रेघांमधून एक तिरपी खूण, कधीतरी कापल्याची.
मी नकळत माझा अंगठा तपासला.
तशी काही नाही.

नियम असा की जुनी राळ पूर्ण काढायची;
ती राहिली तर दगडाला पिवळं करते.
फोटो काढले. मापं घेतली.
वहीत लिहिलं: 'राळ, अंदाजे चार ग्रॅम.'
पोराला वहीत रकाना नाही.

नेव्हियोनं काडीला कापूस गुंडाळला,
माझ्यापुढे धरला.
"पुसायचं?"

नाक बशीत पडलं होतं, पालथं.
बाहेरून ट्रक गेला, फळीवर बोटं वाजली.

"आधी कॉफी आण," मी म्हटलं,
"साखर घालून, मोठा कप."

म्हणजे आज तरी
माझी थुंकी कामाची नाही.