मादी : अज्ञात

नर.
लांबी एक पूर्णांक चौदा शतांश मिलिमीटर.
म्हणजे शेव-उसळीवरची शेव मोडताना
जो कण टेबलावर उडतो
तो याच्याहून मोठा.

डोळे सहा.
कोळ्याला आठ असतात असं शाळेत शिकवतात.
याच्या कुळाने त्यातले दोन कधीतरी परत केले.
सागाच्या कुजक्या पानाखाली, त्या काळोखात
सहा तरी कशाला लागतात, मला माहीत नाही.
(ही ओळ निबंधात जाणार नाही.)

रंग जिवंतपणी घासलेल्या घंगाळाचा,
अल्कोहोलमध्ये तिसऱ्या दिवशी गव्हाळ.
पोटाला वरून एक आणि खालून एक कडक पत्रा,
मधे मऊ फट.
चिलखत घातलं तरी जेवल्यावर फुगायला
जागा लागतेच.

अल्कोहोलला परवाना लागतो.
गुजरातेत कोळी बुडवायचा तरी
नशाबंदी खात्याचा शिक्का हवा,
आणि मग हिशेब :
किती आणलं, किती उरलं, कुणी वापरलं.
मी लिहिते, तीन मिलिलिटर.
एक जण.

ठिकाण जांबुघोडा, ओढ्याचा सावलीकडचा उतार,
बांबूच्या पानांचा थर चार बोटं.
गमजीभाई राठवा चाळणी हलवतात,
मी पांढऱ्या कापडापुढे उकिडवी.
आधी मुंग्या पडतात, मग माती,
मग मातीतलाच एक कण
चालायला लागतो.

म्हटलं, तुमचं नाव देऊ याला?
त्यांनी चाळणी उलटी करून आपटली.
"मारुं नाम? ए तो वपराई गयुं, बेन,
पोतराने आपी दीधुं."
एकदा नातवाला दिलेलं नाव
पुन्हा कुणाला कसं द्यायचं?
बरं, मग तुमच्यात याला म्हणतात काय?
जे चावत नाही, खाता येत नाही, दिसतही नाही
त्याला हाक कोण मारणार,
असं काहीसं म्हणाले, आणि विडी शोधू लागले.

दांडिया बाजारात, जिन्यात, खालच्या निंबाळकर वहिनी विचारतात :
यंदा विश्वामित्रीतली मगर पाहिलीस का गं?
पुलावर ही गर्दी!
पाहिली म्हणते.
पर्समध्ये कुपी असते, कुपीत हा,
आणि पाठीच्या पिशवीत पोतंभर पाचोळा.

मादी : अज्ञात.
एवढं टाइप करून मी उठले,
चहा ठेवला, तो उतू गेला.
तशी ही साधी नोंद आहे,
अशा शेकडो वर्णनांत असते.
तीन पावसाळे, एकशे बारा पोती,
आणि हाती हा एकटा,
त्याचाही डावा मागचा पाय चाळणीत राहिला.
पण कुठल्या तरी पानाखाली ती आहेच,
नाहीतर हा आला कुठून?
तिच्याकडून पाहिलं तर
मी अज्ञात, गमजीभाई अज्ञात,
आणि एका संध्याकाळी बाहेर पडून
परत न आलेला हा.

नावाची जागा अजून रिकामी.
शिर्के सरांनी निवृत्त होताना दिलेल्या पत्र्याच्या पेटीत
जुन्या लेबलांची चळत आहे,
त्यांच्याही आधीच्या कुणाचं तरी टाकाने लिहिलेलं अक्षर :
स्थळ. तारीख. नांव.
नांव, डोक्यावरच्या अनुस्वारासकट.
पुढे नियम बदलले,
बोलण्यात नसलेला ठिपका लिहिण्यातूनही गेला,
आणि तो गेला कुठे
हे कुणी विचारलं नाही.

काल रात्री ते लेबल भिंगाखाली धरलं,
शेजारी कुपीतून काढून याला ठेवलं.
मोजलं.
शाईचा ठिपका केसभर मोठा निघाला,
पण कडा तशाच फुटलेल्या,
जणू बाजूंना पाय.

लेबल पेटीत ठेवलं. हा कुपीत.
नावाच्या जागी सध्या आडवी रेघ.
परवाना एकतीस तारखेला संपतोय,
त्याआधी अजून एकदा
ओढ्यावर जाऊन यायला हवं.